एकशे एकतिसाव्या पानावर : आमच्या शाळेच्या ग्रंथखरेदी समितीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि ग्रंथखरेदी समितीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

शाळेचं नाव या पत्रात लिहीत नाही. लालबाग-परळ भागात मराठी माध्यमाच्या शाळा आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आहेत. त्यातल्या एकीची बदनामी माझ्या हातून होऊ नये. पण पत्र उघड लिहिते आहे, कारण बंद पाकिटातून दोनदा लिहून झालं. दोन्ही अर्जांवर आवकचा शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. शिवाय ही गोष्ट एका शाळेपुरती नाही. मुंबईतल्या इतर मराठी शाळांच्या कपाटांतही हेच चाललेलं मी ऐकते.

मी आपल्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. १९७६ साली पाचवी ‘ब’मध्ये होते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं, दर गुरुवारी दुपारी चौथी ते सातवीच्या मुलांचा वाचनाचा तास घेते. पगार नाही, मागितलेलाही नाही. मुलं ‘पुस्तकआजी’ म्हणतात. पुस्तकांना खाकी कव्हर घालणं, सुटलेली पानं खळीने चिकटवणं, देवघेवीची वही लिहिणं हे सगळं मीच करते. उपकार सांगण्यासाठी हे लिहीत नाही. त्या कपाटातलं प्रत्येक पुस्तक माझ्या हाताखालून गेलेलं आहे, एवढंच आपल्या ध्यानात आणून द्यायचं आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. दुसऱ्या गुरुवारी कपाट उघडलं तर वरच्या दोन फळ्या मोकळ्या. शिपाईमामांनी खाली बघत एक कागद हातात दिला. ‘अद्भुत, अवास्तव व हाणामारीचे साहित्य’ ग्रंथालयातून कमी करण्यात येत आहे, त्या जागी थोरांची चरित्रं आणि शिष्यवृत्ती परीक्षेची मार्गदर्शकं घेण्यात येतील, असं आपलं परिपत्रक. खाली पाच सह्या. एकूण सतरा पुस्तकं गेली होती. सोळा कपाटातली आणि एक एका मुलाच्या दप्तरातली.

आता त्या सतराव्या पुस्तकाबद्दल आणि त्या मुलाबद्दल.

पुस्तक म्हणजे एक मराठी कादंबरी. पानं १८४, किंमत २२० रुपये. नाव मुद्दाम लिहीत नाही. जाहिरात केल्याचा आरोप नको, आणि माझं म्हणणं या एका पुस्तकापुरतं नाहीही. एका बंदराच्या शहरात राहणारी सहावीतली मुलगी. तिला एक शक्ती मिळते : जितका वेळ ती श्वास रोखून धरेल, तितका वेळ तिचं वजन नाहीसं होतं. बस्स, एवढंच. ती उडू शकत नाही. वारा नेईल तिकडे जाते, आणि श्वास सुटला की धपकन खाली येते. सुरुवातीला तिला जेमतेम १९ सेकंद जमतं. त्या १९ सेकंदांत काय करता येईल, याचा हिशेब ती सतत करत असते. भिंत किती उंच आहे, वारा कुठून आहे, खाली काय आहे. तिच्या वस्तीवर डोळा ठेवून असलेला खलनायक राक्षस नाही. तो इस्त्रीचे कपडे घालून येतो आणि ‘फक्त इथे सही करा’ म्हणतो. त्याला वस्तीच्या समोर इतक्या उंच भिंती उभ्या करायच्या आहेत की समुद्रावरचा वारा आत येणारच नाही. आणि वारा आला नाही, तर आमची नायिका नुसती तरंगत जागच्या जागी राहणार.

लालबागच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. गिरणीच्या चिमणीच्या जागी टॉवर उभा राहताना त्यांनी पाहिला आहे. घरी ‘डेव्हलपमेंटची मीटिंग’ कधी आहे, हे त्यांना घटक चाचणीच्या तारखेपेक्षा जास्त पक्कं माहीत असतं.

मुलगा गेल्या वर्षी पाचवीत होता. वडील नाहीत. आई एका कँटीनमध्ये पोळ्या लाटते. वाचनाच्या तासाला तो खिडकीजवळ बसायचा आणि पुस्तक उलटं धरलं तरी त्याला फरक पडत नसे. अक्षरं येत होती, शब्दही यायचे. पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायला व्हायची. अशी मुलं प्रत्येक वर्गात पाच-सात असतात. शिक्षकांना ती माहीत असतात, प्रगतिपुस्तकात ‘वाचन सराव आवश्यक’ असा शेरा दिला की वर्ष पुढे सरकतं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी या कादंबरीचं पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. नायिका पहिल्यांदा जिन्यावरून सुटते आणि वर छताला टेकते, तिथे घंटा झाली. मी पुस्तक मिटलं. तो पहिल्यांदा स्वतःहून माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “आजी, ती खाली कशी आली?” मी म्हटलं, “वाच.” त्याने ते पुस्तक नेलं. पुढच्या गुरुवारी परत आणलं आणि बोट ठेवून एक शब्द दाखवला : ‘क्षणार्धात’. त्याला तो फुटत नव्हता. क्ष, मग णा, मग तो रफार. आम्ही तो शब्द तिथेच बाकावर बसून सोडवला, भाजी निवडावी तसा. अर्ध्या क्षणात, म्हणजे किती वेळात, हेही बोलून झालं. त्यानंतर ‘निःशब्द’, ‘अदृश्य’, ‘स्फोट’, ‘दुर्लक्ष’. मराठीची जोडाक्षरं हा या वयाच्या वाचकाच्या वाटेतला खरा घाट असतो, हे आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना मी सांगायला नको. त्या घाटात ढकलून कुणी चढत नाही. वर काहीतरी दिसत असेल तर चढतो. याला वर ती मुलगी दिसत होती, छताला टेकलेली.

मे महिन्यात त्याने ते पुस्तक गावी नेलं, संगमेश्वरच्या बाजूला. जूनमध्ये आला तेव्हा एकशे एकतिसाव्या पानावर होता, खूण म्हणून एसटीचं तिकीट. पूर्ण सुट्टीत एकशे एकतीस पानं तुम्हाला थोडी वाटतील. त्याआधी त्याने पाठ्यपुस्तकाबाहेरची सलग दहा पानंही वाचली नव्हती. आणि शाळेच्या पहिल्याच आठवड्यात दप्तरांची तपासणी झाली, परिपत्रकाप्रमाणे पुस्तक जमा करून घेतलं गेलं. तिकिटासकट.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे, की सही करण्याआधी ही पुस्तकं कुणी वाचली नाहीत. रागाने म्हणत नाही, पुरावा आहे म्हणून म्हणते. ‘हाणामारीचे’ हा शब्द वाचून मी त्या कादंबरीतली हाणामारी मोजली. १८४ पानांत तीन प्रसंग. त्यातल्या एकात नायिका मार खाते आणि दुसऱ्यात एक बोकड धडक देतो. काढलेल्या सतरांत एक पुस्तक तर कोकणातल्या पक्ष्यांची माहिती देणारं आहे. मुखपृष्ठावर झेपावणारा गरुड आहे, बहुधा त्यामुळे तोही सुपरहीरो ठरला असावा. मुखपृष्ठं बघून एका दुपारी निर्लेखन, म्हणजे पुस्तकं बाद करणं, उरकलेलं आहे. माफ करा, पण बँकेत आम्ही जुनी खुर्ची बाद करतानाही तिच्यावर बसून बघायचो.

हाणामारीचा मुद्दा आहेच म्हणून सांगते, चौथीला आपणच शिवछत्रपतींचं पुस्तक शिकवतो. प्रतापगड आहे, लाल महाल आहे, शाहिस्तेखानाची बोटं आहेत. तो धडा आला की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते. आजवर कुठल्याही मुलाने तो धडा वाचून शेजाऱ्याची बोटं कापलेली नाहीत. आपल्यावर धावून येणाऱ्या मोठ्या ताकदीला लहान माणूस अकलेने कसा पुरून उरतो, हे त्या धड्यातून मुलाला कळतं. या कादंबरीतूनही तेच कळतं.

‘अवास्तव’ या शब्दावर मात्र मला थोडं थांबायचं आहे, कारण तिथे तुमची भीती पूर्णपणे खोटी नाही आणि माझीही एक चूक आहे.

मार्चमध्ये सहावीच्या गणिताच्या तासाला सगळा वर्ग अचानक चिडीचूप झाला. बाईंनी फळ्याकडून वळून पाहिलं तर अठ्ठावीस मुलं गाल फुगवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत श्वास रोखून बसलेली. एकाचा चेहरा लालबुंद. बाई घाबरल्या, ते साहजिक होतं. त्या दिवशी कार्यालयात जी चर्चा झाली त्यातूनच हे परिपत्रक निघालं, असं मला वाटतं. चूक माझी एवढी की, असं होणार हे मला आधी सुचायला हवं होतं. पुढच्या गुरुवारी मी मुलांशी याबद्दल सरळ बोलले : शर्यत लावायची नाही, पाण्यात तर कधीच नाही, चक्कर येऊन माणूस पडतो. नायिका स्वतः एकदा बेशुद्ध पडते ते प्रकरण काढून वाचलं. मग विज्ञानाच्या सरांनी फुप्फुसं कशी चालतात ते सांगितलं, आणि खेळ थांबला. बाईंची मी तेव्हाच माफी मागितली होती, इथे पुन्हा मागते.

दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ १९९७ मध्ये सुरू झालं, तेव्हा काही मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. मग त्याच मालिकेतून मुलांना समजावून सांगावं लागलं. तेव्हा पालकांच्या पोटात गोळा येतो, हे मला समजतं. पण त्यावर इलाज मुलाशी बोलणं हा आहे. मोबाइल त्याच मुलाच्या घरी उघडाच असतो. तिथे कुणी परिपत्रक काढू शकत नाही. पडद्यावर उडणारा माणूस आयता उडतो, पाहणाऱ्याला काही करावं लागत नाही. पुस्तकातला उडायचा असेल तर भिंत किती उंच, वारा कुठून, हे सगळं वाचणाऱ्याला आपल्या डोक्यात उभं करावं लागतं. आणि चांगल्या सुपरहीरो कादंबरीत शक्तीला मर्यादा असतेच. ती नसेल तर गोष्ट दुसऱ्या पानावर संपेल. एकोणीस सेकंद हे त्या कादंबरीचं खरं पोट आहे. मुलं दिवसभर मर्यादांतच जगत असतात : दहा बाय बाराची खोली, पाणी सकाळी ठरलेल्या वेळेपुरतंच, अभ्यासाला कोपरा नाही. अशा मुलाला ‘तुझ्यापाशी जेवढं आहे तेवढ्यात काय जमतं बघ’ हे सांगणारी गोष्ट मला तरी अवास्तव वाटत नाही.

‘परकीय संस्कृती’ असाही एक शब्द परिपत्रकात आहे. दर शनिवारी परिपाठात आपण भीमरूपी म्हणून घेता. त्यात मारुती अणूपासून ब्रह्मांडाएवढा होतो. जन्मल्या जन्मल्या सूर्याला फळ समजून झेपावणारं हे पोर आपल्या मुलांच्या ओळखीचं आहे. गावच्या वेशीवर त्याचं देऊळ आहे. कल्पना परकी म्हणायची तर आधी त्याला विचारावं लागेल.

हो, मुखवटा घालून, कपड्यांवर चिन्ह लावून फिरणारा नायक अमेरिकेतून आला, हे खरं. सुपरमॅन १९३८ मध्ये आला. तो काढणारे जेरी सिगल आणि जो शुस्टर हे दोन विशीतले तरुण, दोघंही बाहेरून येऊन वसलेल्या ज्यू कुटुंबांतले. मंदीचा काळ होता. दुबळ्याच्या मदतीला धावणारा माणूस त्यांनी कागदावर काढला, यात नवल नाही. पुढच्या वर्षी बॅटमॅन, १९६२ मध्ये स्पायडरमॅन. हे तिघंही अनाथ आहेत, हे तुमच्या कधी लक्षात आलं आहे का? मला त्या खिडकीजवळच्या मुलाने लक्षात आणून दिलं. त्याने काही म्हटलं नाही, नुसतं विचारलं, “आजी, सगळ्यांचेच आई-बाबा का नसतात?” मी दिलेलं उत्तर इथे लिहिण्याइतकं चांगलं नव्हतं. स्पायडरमॅनचे काका मरतात, कारण ज्या चोराला तो सहज अडवू शकला असता त्याला त्याने ‘माझं काय जातंय’ म्हणून सोडून दिलेलं असतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला इतका थेट धडा माझ्या पाहण्यात नाही.

आणि आपलं मराठी बघा. माझे वडील इथल्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, शिक्षण चौथी. रात्रपाळी करून आले की उशाशी वाचनालयातून भाड्याने आणलेलं बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक असायचं. झुंजार आणि काळापहाड हे त्यांचे नायक. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या किती वडिलांनी वाचल्या ते देव जाणे. आजोबा म्हणायचे, असलं वाचून पोरगा वाया जाणार. १९८२च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि गिरणीचे दरवाजे माझ्या वडिलांसाठी परत उघडले नाहीत. तेव्हा देणी, फंड, कोर्टाचे कागद वाचायला चाळीतली माणसं त्यांच्याकडे यायची. चौथी शिकलेला माणूस कायद्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत न थकता वाचू शकत होता. ती बैठक त्यांना कुणी दिली, हे मी सिद्ध करू शकत नाही. मला माहीत आहे एवढंच.

मी स्वतः पाचवीत असताना वर्गात इंद्रजाल कॉमिक्स हातोहात फिरायचं, मराठीतलं. त्यातल्या वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, अंगठीचा कवटीचा ठसा आम्ही शाईने मनगटावर काढायचो आणि त्यासाठी छड्या खायचो. त्याच वर्षी कुणीतरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे दिला. फुरसुंगीचा बनेश फेणे, हाडकुळा, अंगात कुठलीही जादू नाही, नुसती सायकल आणि ते ‘ट्टॉक’. वेताळाने पान उलटायची सवय लावली होती म्हणून मी चित्रकथा नसलेलं ते पुस्तक उघडलं. आपल्यापैकी एका सदस्यांनी मला जिन्यात म्हटलं, “फास्टर फेणे द्या ना, हे कशाला?” देतेच. आपल्या कपाटात त्याच्या तीन प्रती आहेत आणि एकीची पाठ मी दोनदा शिवली आहे. पण ज्या मुलाला अजून वाक्य पुरतं पकडता येत नाही, त्याला पाऊल टाकायला दुसरी पायरी लागते. कुणाला ती फास्टर फेणे, कुणाला वेताळ, कुणाला ही एकोणीस सेकंदवाली. कुणाला कुठली, हे आपण कार्यालयात बसून कसं ठरवणार?

हे मी नवीन काही सांगत नाही. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच पाच सूत्रं मांडली. त्यात दुसरं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, आणि तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ‘योग्य’ पुस्तक असं म्हटलेलं नाही, ‘त्याचं’ म्हटलं आहे. कायद्याचं बोलायचं तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय असावं असं आहे. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं, आणि ‘गोष्टींची पुस्तकं’ असा वेगळा उल्लेख आहे. शिष्यवृत्तीची मार्गदर्शकं त्यात बसत नाहीत असं नाही, पण ती गोष्टींच्या फळीवर बसवायची नाहीत.

मुलं या पुस्तकांनी बिघडतात, हा आरोपही जुना आहे. अमेरिकेत १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात असा बोभाटा केला. सिनेटच्या उपसमितीपुढे साक्षी झाल्या. प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच कडक नियमावली लादून घेतली. २०१२ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक कॅरल टिली यांनी वर्थमची कागदपत्रं तपासून दाखवलं, की मुलांच्या मुलाखतींत त्याने आपल्याला हवे तसे फेरफार केले होते. तोवर अठ्ठावन्न वर्षं गेली. आमच्या सहावीला एवढा वेळ नाही.

एक मान्य करते. सतरांपैकी दोन पुस्तकं मीसुद्धा काढली असती. एकाचं भाषांतर इतकं ओबडधोबड आहे की वाक्याचा कर्ता शोधायला हीरो पाठवावा लागेल. दुसऱ्यात रक्तमांस उगाच आहे, चौथीच्या मुलाच्या हाती ते पडू नये. वाईट पुस्तकं असतात आणि ती ओळखता आली पाहिजेत. म्हणूनच वाचून ठरवा म्हणते आहे.

देवघेवीच्या वहीकडेही एकदा बघावं. ही कादंबरी दोन वर्षांत ४१ मुलांनी नेली, त्यातल्या २३ मुली. चाळिसाव्या पानावर कांद्याच्या भजीचा तेलाचा डाग आहे. तो कुणाचा हे शेवटपर्यंत कबूल झालं नाही. त्या जागी येऊ घातलेल्या चरित्रमालेचे आधीचे बारा खंड आपल्याकडे आहेत. ते चांगले आहेत, मी वाचले आहेत. दोन वर्षांत ते तीनदा बाहेर गेले, तिन्ही वेळा भाषणाच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येईल. फलक लागेल, मुलं ओळीने बसून एक तास हातात दिलेलं पुस्तक वाचतील, आपण फोटो काढू. त्या फोटोत मागचं कपाट रिकामं दिसू नये, एवढी तरी काळजी घेऊ या.

माझ्या मागण्या अशा आहेत.

सतराही पुस्तकं समितीच्या सदस्यांनी आपापसांत वाटून घ्यावीत आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावीत. पाच जण आहात, प्रत्येकी तीन-चार येतील. गणपतीच्या सुट्टीपर्यंत सहज होतील. त्यानंतर जे बाद करायचं असेल त्याचं कारण पुस्तकागणिक, पान क्रमांकासह, नोंदवहीत लिहावं. ज्याचं कारण लिहिता येणार नाही ते फळीवर परत यावं.

यापुढे कुठलंही पुस्तक मुलाच्या दप्तरातून काढून घेऊ नये. शिक्षकांनाही हे काम आवडलं नव्हतं, हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

ग्रंथखरेदी समितीत पाचवी ते सातवीची दोन मुलं बसवावीत, एक मुलगी, एक मुलगा. वर्षाच्या खरेदीतली निदान चौथाई रक्कम मुलांनी सुचवलेल्या पुस्तकांवर खर्च व्हावी. ती चुकीचं निवडतील. आपणही निवडतो. पक्ष्यांच्या पुस्तकाचं उदाहरण ताजं आहे.

कपाट मधल्या सुट्टीत उघडं राहावं. किल्ली कार्यालयातल्या ड्रॉवरमध्ये असते आणि ड्रॉवरची किल्ली ज्यांच्याकडे असते ते मधल्या सुट्टीत जेवायला जातात. वहीवर लक्ष ठेवायला सातवीच्या मुली तयार आहेत, मी विचारलं आहे. पुस्तकं हरवतील का? दोन-चार हरवतील. त्याची भरपाई मी करीन.

आणि त्या कादंबरीच्या आणखी चार प्रती घ्याव्यात. दोन मी आणल्या आहेत, पिशवीत आहेत. समितीचा ठराव झाला की शिक्का मारून दाखल करून घ्याव्यात. पैसे नकोत, पावती हवी. इतर शाळांच्या शिक्षकांपैकी कुणाला या वयासाठी अशी पुस्तकं कोणती घ्यावीत हे हवं असेल, तर माझ्या वहीत बत्तीस नावांची यादी आहे. प्रत्येकापुढे मुलांचे शेरे आहेत. ‘भारी’, ‘मधे बोअर’, ‘शेवट वाचताना पाणी प्यायला उठलो नाही’. गुरुवारी दुपारी या, उतरवून न्या.

मी येत्या गुरुवारीही नेहमीप्रमाणे येणार आहे. कपाट उघडं असलं तर तास घेईन. बंद असलं तर मुलांना गोष्ट तोंडी सांगेन, फक्त ही कादंबरी सोडून. तिचा शेवट मी कुणालाही सांगणार नाही.

आपली,
गुरुवारची पुस्तकआजी
(माजी विद्यार्थिनी, पाचवी ‘ब’, १९७६)

ता. क. : परवा त्या मुलाच्या आईला कार्यालयातून चिठ्ठी गेली आहे. मुलाच्या नावावर ग्रंथालयाचं एक पुस्तक थकीत दिसतं, तरी ते परत करावं अथवा २२० रुपये भरावेत. ते पुस्तक कार्यालयातल्याच लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, फायलींच्या मागे आहे. मी पाहिलं आहे. थकबाकीची नोंद कृपया रद्द करावी. आणि पुस्तक त्याला आणखी पंधरा दिवसांसाठी द्यावं. त्रेपन्न पानं राहिली आहेत. तिकीट आतच असू द्यावं.